रुमेनाची आई फोटोला बसत नाही

जिने बिशपला शिंका येईपर्यंत हसवलं, देशभर गाजलेल्या कुस्तीगिराला खुर्चीत बसल्याबसल्या रडवलं आणि एका मंत्र्याला त्याच्याच कचेरीच्या खिडकीत मांजरासारखं उकिडवं बसवलं, त्या रुमेनाला तिची सख्खी आई म्हणाली, "तुझ्या त्या डब्यापुढे मी बसायची नाही. मरेन, पण बसणार नाही."

गंमत अशी की बसायचं होतं ते मरणाच्याच तयारीसाठी.

रुमेना म्हणजे आमच्या यासेनोवोच्या वितोमिर मधवाल्याची एकुलती एक मुलगी. पोटासाठी माणसांचे चेहरे टिपते. कुणाची नोकर नाही. बेलग्रेडची मासिकं नि साप्ताहिकं तिला फोन करतात, की अमक्या लेखिकेची मुलाखत छापतोय, चेहरा पाहिजे. तमक्या डॉक्टराने काहीतरी शोधून काढलंय, तोंड पाहिजे. मग ही आपल्या खोकणाऱ्या गाडीत दिव्यांच्या पेट्या टाकते, पांढरी छत्री टाकते, आणि आईची गिबानित्सा, म्हणजे चीजचे थर घातलेली पोळी, भाजायची परात टाकते. हो, परात. माणसाच्या हनुवटीखाली ती अशी तिरकी धरायची, की खिडकीतला उजेड तिच्यावर आपटून गळ्याखाली जातो आणि दुसऱ्या हनुवटीची सावली मरते. बेलग्रेडच्या एका नटीने मोठ्या आदराने विचारलं, "हे यंत्र जर्मनीहून आणलं का हो?" रुमेना म्हणाली, "यंत्र चांगलंय, पण कडेला चीज चिकटतं."

तिची सुरुवात झाली झायेचारच्या एका वर्तमानपत्रात. तिथे भोपळ्यांचे फोटो काढायचं काम होतं. ज्याचा भोपळा मोठा त्याचा फोटो पहिल्या पानावर, शेजारी भोपळ्याचा मालक. रुमेना सांगते की तिथेच ती सगळं शिकली. भोपळा कधी पोट आत ओढत नाही. मालक ओढतो. पुढे वर्तमानपत्र बुडालं, रुमेना तरली. मध्ये एक नवरा होता. त्याचाही तिने फोटो काढला. त्याने तो नीट पाहिला आणि दुसऱ्या आठवड्यात सामान बांधलं. "माझं काम किती खरं असतं बघा," असं ती वर सांगते.

या धंद्यात वैताग कमी नाही. साप्ताहिकाची संपादक दुन्या फोनवर म्हणणार, "डोक्यावर आकाश मोकळं ठेव बाई, तिथे आमच्या अंकाचं नाव बसलं पाहिजे." त्यामुळे सर्बियातला प्रत्येक थोर माणूस मुखपृष्ठावर गळ्यापर्यंत विहिरीत उतरल्यासारखा दिसतो. दुन्या आणखी म्हणणार, "आणि या वेळी काहीतरी ताजं हवं." रुमेना म्हणणार, "मासळी आणू का?" आणि थोर माणूस भेट देणार ती जेवण आणि मोटार यांच्या मधल्या फटीत. तेवढ्यात दिवे लावा, त्याच्या मागची कुंडीतली फांदी हलवा, त्याच्या बायकोला खोलीबाहेर काढा, आणि चेहरा काढा.

चेहरा काढा म्हणजे खरंच काढा. तिचं म्हणणं असं, की शनिवारी बाजाराला जाताना माणूस टोपी घालतो तसा फोटोला येताना चेहरा घालून येतो. तो आधी उतरवावा लागतो. गोड बोलून उतरत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. म्हणून ही वाकडं बोलते. बिशप समोर बसले ते देवळातल्या भिंतीवरच्या चित्रासारखे, बोटंसुद्धा आशीर्वादात गोठलेली. रुमेना त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "महाराज, दाढीत अंडं आहे." अंडं नव्हतं. उपासाचे दिवस होते, असणार कुठून? पण बिशपांनी दाढी चाचपली, त्यांच्या शिष्यानेही चाचपली, दोघांचे हात दाढीत अडकले, आणि बिशपांना असं हसू फुटलं की शेवटी शिंका आल्या. शिंका ओसरल्यावर चेहऱ्यावर जे उरलं ते रुमेनाने टिपलं. तो फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात लावलाय. कुस्तीगिराला तिने एवढंच विचारलं, "तुला पहिल्यांदा कुणी पाडलं?" तो म्हणाला, "ताईनं," आणि लागला रडायला. ताई वारलेली होती, ते रुमेनाला ठाऊक नव्हतं. ती स्वतः रडली, पण बटण दाबायचं काही विसरली नाही.

तिचा उजेडही तिचाच. एकच खिडकी, आणि तीसुद्धा बाजूने. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. चकचकीत कागदावर तो अर्धा काळोख असा काही बोलतो, की बेलग्रेडचे लोक त्यावर दोन-दोन पानं लिहितात. तिला त्यासाठी बक्षीस मिळालं, एक काचेचा ठोकळा. आईने तो लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला. कोबी त्याच्याखाली छान मुरतो.

आणि याच अर्ध्या काळोखाने घात केला.

वितोमिर गेला तो थंडीत, झोपेत, कुणाला त्रास न देता. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. बायकोने हाक मारली की त्याला ऐकू यायचं नाही. मधमाश्यांची गुणगुण कुंपणापलीकडून ऐकू यायची, पण स्तामेंकाची हाक स्वयंपाकघरातून अंगणात पोचायची नाही. डॉक्टरने कान तपासून सांगितलं होतं, "कान उत्तम आहेत." वितोमिर म्हणाला, "काय म्हणालात?"

आता आमच्याकडे दगड एकट्याचा नसतो. नवरा जावो की बायको, काळ्या पाषाणाची एकच मोठी पाटी उभी राहते. डाव्या अर्ध्यात गेलेला, उजव्या अर्ध्यात जिवंत असलेला. दोघांचे चेहरे कोरलेले, जन्माची सालं कोरलेली. जिवंत माणसाच्या सालापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. रविवारी बायका आपल्या दगडावरची धूळ पुसायला जातात, स्वतःच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवतात, आणि घरी येऊन जेवायला बसतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट जागा कोरी राहिली तर वाटतं. लोक विचारतात, "काय स्तामेंका, तुला जायचं नाही की तुला दुसरीकडे पुरायचंय?"

दगड कोरतो ग्वोझ्देन. हिऱ्याच्या टोकाची सुई आणि हातोडीसारखं टकटक करणारं यंत्र घेऊन तो काळ्या दगडावर पांढरे ठिपके मारतो. फोटोत जिथे उजेड तिथे ठिपके दाट, जिथे सावली तिथे विरळ, आणि जिथे काळोख तिथे काहीच नाही, दगड तसाच. बापाचा फोटो अर्थात रुमेनाने दिला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेला वितोमिर, अर्धा उजेडात. सुंदर फोटो. फोटो देताना तिने ग्वोझ्देनला बजावलं, "काका, मनाने काही घालायचं नाही. एक ठिपकासुद्धा जास्त नको. आहे तसं."

"पोरी, हा बाजूचा भाग..."

"आहे तसं, काका."

ग्वोझ्देनने आहे तसं कोरलं. सहा महिन्यांच्या श्राद्धाला दगडावरची चादर ओढली. वितोमिरला एक डोळा होता. एक कान होता. अर्ध्या मिशा होत्या. कागदावरच्या काळोखात डोळ्याला उरलेला माणूस जाणवत होता. दगडावरच्या काळोखात नुसता दगड होता. वितोमिर दाराआडून बघतोय, आत यावं की न यावं, असा. मागून कुणीतरी कुजबुजलं, "कर्ज मागायला आलाय वाटतं." पाद्रीबाबांना खोकला लागला.

स्तामेंका दगडाजवळ गेली. हाताने तो डावा भाग चाचपला, जिथे कान असायला हवा तिथे. मग लेकीकडे वळली.

"एवढी वर्षं ऐकू येत नसल्याचं सोंग केलं याने. आता तू त्याला कायमची सोय करून दिलीस."

"आई, फोटोत कान सावलीत आहे. आहे तो, फक्त सावलीत आहे."

"मग बोलव त्याला बाहेर."

ग्वोझ्देन टोपी हातात घेऊन म्हणाला, "वहिनी, मी अंदाजाने एक कान मारून देतो. माणसाचा कान काय, सारखाच असतो."

"अंदाजाने? कुणाचा लावणार, तुझा? वितोमिरचा कान मी ओळखते. धरून ओढलाय तो. परक्याचा कान नको मला त्याच्या डोक्याला."

आणि तिथेच, सगळ्या गावासमोर, श्राद्धाचे साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू तोंडात असताना, स्तामेंकाने जाहीर केलं की तिचा स्वतःचा फोटो रुमेना काढणार नाही. बोगोसाव काढेल.

बोगोसाव म्हणजे झायेचारच्या बसस्टँडमागचा फोटोवाला. ओळखपत्र, पासपोर्ट, साखरपुडा आणि मयत. त्याच्याकडे समोरून दोन दिवे, मागे निळा पडदा, आणि संगणकात कपडे. माणूस जसा येईल तसा येवो, बोगोसाव त्याचं मुंडकं उचलून तयार कपड्यांवर बसवतो. पुरुषांसाठी गडद निळा सूट आणि टाय, बायकांसाठी साटनचा ब्लाऊज आणि मोत्यांची माळ. आमच्या खोऱ्यातले निम्मे मेलेले पुरुष एकाच सुटात आहेत. वर स्वर्गात तो सूट कुणी कधी घालायचा यावरून रोज भांडणं होत असणार.

रुमेनाला हे किती लागलं ते तिने कुणाला दाखवलं नाही, पण लागलं. सगळ्या सर्बियाचं तोंड जिने टिपलं तिला आईचं तोंड मिळेना. आणि नुसता मानाचा प्रश्न असता तरी तिने गिळला असता. पण वर्षश्राद्धाच्या आत दगड पुरा व्हायचा होता, आणि एकदा कोरलं की कोरलं, पाषाण पुसता येत नाही. मग दर वर्षी मेणबत्ती लावायला जायचं आणि बापाशेजारी साटनच्या ब्लाऊजमधली कुणीतरी बाई बघायची. आईला तिथे शोधायचं आणि ती सापडायची नाही.

हिवाळा तोंडावर आला. रुमेना दोन म्हाताऱ्या भावांचे, आमच्याकडचं ते एकतारी गुस्ले वाजवणाऱ्यांचे, फोटो काढायला दूर डोंगरात गेली होती. परत घरी आली तर टेबलावर पाकीट. आत बोगोसावचा फोटो.

"कसा आहे?" आई पाठमोरीच म्हणाली. भोपळी मिरच्या भाजत होती.

रुमेनाने बघितलं. आईच्या कपाळावर एक आठी नव्हती. गाल पिठाच्या गोळ्यासारखे गुळगुळीत. मान विशीतल्या मुलीची. त्या मानेवर मोती. दोन्ही कान जागच्या जागी, आणि अगदी सारखे, कारण बोगोसावने एकच कान उलटा करून दोन्हीकडे लावला होता.

"आई, ही तू नाहीस."

"फोटोत दोन कान आहेत ना? मग मीच."

"ही मान कुणाची?"

"मान कुणाचीही असो. चांगली आहे. सोमवारी ग्वोझ्देन सुई लावतोय."

"मला एकदा काढू दे. फक्त एकदा. नाही आवडला तर बोगोसावचा लाव, मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

आईने मिरचीची काळी साल सोलून टाकली. "अक्षर काढणार नाहीस? तू? बरं. शनिवारी सकाळी. पण ती तुझी खिडकी नको. मला अर्धी व्हायचं नाही."

शनिवारी सकाळी रुमेनाने आपलं सगळं शहाणपण गाडीतच ठेवलं. दोन छत्र्या, दोन दिवे, समोरून सपाट उजेड. बोगोसावसारखा. आईने ठेवणीतलं जॅकेट घातलं, डोक्याला रुमाल बांधला, कान बाहेर काढले, आणि बसली. बसली म्हणजे काय, खिळा ठोकल्यासारखी. ओठ आत. डोळे मोठे. ओळखपत्रावर असतं तसं तोंड.

रुमेनाने पहिला डाव टाकला. "झालं," म्हणाली आणि कॅमेऱ्याला टोपण लावलं. झालं म्हटलं की मोठमोठे लोक सैल पडतात, मग टोपण काढून खरा फोटो घ्यायचा. आई तशीच बसून राहिली.

"झालं म्हटलं ना."

"अभ्यास झाला, असंही तू म्हणायचीस."

दुसरा डाव. "आई, या जॅकेटमध्ये तू पोस्टमास्तरीण दिसतेस."

"आणि तू त्या विजारीत गवंडी दिसतेस. तरी मी काही बोलले का? नवरा गेला तेव्हा बोलले का? केस कापलेस तेव्हा बोलले का?"

"बोललीस."

"थोडंच बोलले."

हे सगळं ओठ न हलवता. बोलत होती आणि चेहरा तसाच, दगडी. रुमेनाने हनुवटीखाली परात धरली, तर आईने परात ओळखली. "म्हणून मागच्या ईस्टरला गिबानित्सा पातेल्यात करावी लागली होय?" आणि तरी चेहरा हलला नाही. हजार चेहरे उतरवणाऱ्या बाईपुढे हा एक चेहरा उतरेना, कारण या चेहऱ्याला तिची प्रत्येक युक्ती पाळण्यापासून माहीत होती.

रुमेनाने काढलेले फोटो बघितले. मग बोगोसावचा बघितला. मग ती खुर्चीत बसली.

"बोगोसावचा बरा आहे," ती म्हणाली.

स्तामेंका जिंकली होती. पण जॅकेटची बटणं काढताना काही खूश दिसली नाही. "बरा आहे म्हणजे? नुसता बरा?"

"चांगला आहे, आई. तो लाव."

"तू भांडणार नाहीस?"

"शब्द दिलाय ना."

आई तिच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आजारी आहेस का?"

रविवारी ग्वोझ्देनने दोघींना कबरस्तानात बोलावलं, चेहरा दगडावर किती उंच घ्यायचा ते ठरवायला. दिवस ढगाळ होता. उन्हाचा मागमूस नाही, सावली कशाचीच पडत नव्हती, सगळीकडे सारखा राखाडी उजेड. रुमेनाने कॅमेरा आणला होता तो ग्वोझ्देनला मापासाठी दगडाचा फोटो हवा होता म्हणून. ती दगडाच्या मागे गेली, बाजूची जाडी टिपायला. ग्वोझ्देन फूटपट्टी घेऊन शेजारच्या कबरीवर बसला आणि खिशातून राकिया दारूची चपटी बाटली काढली.

स्तामेंकाने बोगोसावचा फोटो दगडाच्या कोऱ्या भागावर धरला. इकडे अर्धा वितोमिर, तिकडे मोत्यांची माळ. ती मान मागे घेऊन बघत राहिली.

"बघ," ती वितोमिरला म्हणाली. "कशी दिसते?"

वितोमिर एका डोळ्याने बघत होता.

"आवडली ना? आवडणारच. मला कधी मोती आणले नाहीस ते. मधाची पेटी विकून आलास तेव्हा काय आणलंस? माश्यांसाठी नवीन टोपी. माश्यांना बघायला तुला टोपी लागते आणि मला बघायला डोळे नाहीत. आणि ते छप्पर. उद्या करतो, उद्या करतो, आणि उद्या गेलास निघून. आता वर कोण चढणार, मी? धुराड्यात घुबडाने घर केलंय. ऐकतोयस का तू? इकडे बघ म्हणते मी. वितोमिर."

बोलता बोलता तिचा फोटोवाला हात खाली गेला होता. डोक्यावरचा रुमाल मागे घसरून खांद्यावर आला. दुसरा हात वर, बोट वितोमिरच्या नाकासमोर. आणि डोळ्यांत राग होता आणि पाणीही होतं, आणि तोंड पूर्ण उघडं.

दगडाच्या कडेवरून रुमेनाने बटण दाबलं. ठरवलं नव्हतं तिने. हाताने दाबलं. दाबल्यावर तीच घाबरली, कारण शब्द दिलेला होता.

"काय केलंस?" आई म्हणाली.

"काढला. चुकून. पुसून टाकते."

"आण इकडे."

रुमेनाने कॅमेरा पुढे केला. स्तामेंकाने चष्मा शोधला, फुंकला, लावला, आणि त्या छोट्याशा पडद्यावर बघितलं. फार वेळ बघितलं. ग्वोझ्देनने बाटलीचं बूच लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"दात दिसतोय," ती म्हणाली.

"एकच उरलाय समोर, तोच दिसणार."

"केस विस्कटलेत."

"हो."

"हे बोट."

"हो, बोटही आलंय."

"कान?"

"दोन्ही. आणि दोन वेगळे."

स्तामेंकाने बोगोसावचा फोटो वर धरला, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे. मग ग्वोझ्देनला म्हणाली, "हे कोर."

"वहिनी, बोटासकट?"

"बोटासकट."

"मी एवढी वर्षं दगड कोरतोय. बायका हात जोडून असतात. फार तर फूल धरतात. बोट मी जन्मात कोरलं नाही. आणि तोंड उघडं... लोक काय म्हणतील, गाणं म्हणतेय?"

"लोकांना ठाऊक आहे मी काय म्हणते ते." तिने बोगोसावचा फोटो चोळामोळा न करता नीट पाकिटात घातला. "या बाईला मी त्याच्याशेजारी झोपवू? मी वर जाईपर्यंत कोण जाणे किती वर्षं. तोवर ही रात्रंदिवस त्याच्या उशाशी, मोती घालून. आणि मी पोचल्यावर तो काय म्हणेल? म्हणेल, माफ करा बाई, जागा भरलेली आहे. आनंदाने म्हणेल, मेला. हिला बघून नाही ओळखायचा तो मला." तिने पडद्यावर बोट आपटलं. "या अशा तोंडाला ओळखेल."

"आई..." रुमेनाने बाहीने डोळे पुसले.

"आता काय झालं? रडायचं नाही. आणि ग्वोझ्देन, तिने दिलं तसं कोर. एक ठिपका जास्त नको."

ग्वोझ्देनने रुमेनाकडे बघितलं. रुमेना म्हणाली, "काका, या वेळी कागदावर काही सावलीत गेलं असेल तर आधी विचारा. मी उजळून देईन."

वर्षश्राद्धाला गाव जमलं. चादर निघाली. उजव्या बाजूला स्तामेंका, केस मोकळे, तोंड उघडं, बोट उगारलेलं. आणि डाव्या बाजूचा तो अर्धा वितोमिर, जो आजवर दाराआडून डोकावल्यासारखा वाटायचा, तो आता सरळ पळ काढताना दिसत होता. लोकांना एकदम कळलं की त्याचा उरलेला अर्धा भाग कुठे गेला. कुणीतरी फुटलं, मग कुणीही थांबलं नाही. कबरस्तानात असं हसू मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं. पाद्रीबाबा धुपाचं भांडं हलवायला पुढे गेले, बोटाखाली आले, थांबले, आणि वाकून पलीकडून गेले.

बोगोसावही आला होता, बायकोला घेऊन. गहू खाऊन झाल्यावर त्याने दगड जवळून पाहिला, दुरून पाहिला. रुमेनाला म्हणाला, "ताई, उजेड कुठला वापरलात?"

"ढगाचा."

"फुकटचा की."

बेलग्रेडहून दुन्याचा फोन आला तेव्हा रुमेना ताटं गोळा करत होती. दुन्याने फोटो पाहिला होता, कुणीतरी पाठवला असणार. मुखपृष्ठावर पाहिजे म्हणाली. पण बोट साप्ताहिकाच्या नावात घुसतंय, तेवढं कापता येईल का? रुमेनाने आईला विचारलं. आई म्हणाली, "तिला सांग, नाव काप."

संध्याकाळपर्यंत स्तामेंका दगडाजवळून हलली नाही. कुणी येवो, त्याला हाताला धरून समोर उभं करायची.

"बघा. आमच्या रुमेनानं काढलाय. दात झाकला नाही, केस नीट केले नाहीत, रुमाल वर ओढ असं एका शब्दाने सांगितलं नाही कार्टीनं. स्वतःच्या आईला कुणी असं काढतं का? नाही, जवळ या, जवळून बघा. असं कुणी काढतं का?"

रुमेना मागे ताटं घेऊन उभी होती. आईने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पुढचा पाहुणा आला, आणि तिने त्याचाही हात धरला.